माग थांबतो तेव्हा

सोलापूर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आधी आठवतात. एक संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आणि दुसरी सोलापुरी चादर. १८६० मध्ये या गावापर्यंत आगगाडी आली, १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्यांच्या धुराड्यांनी गावाची क्षितिजरेषाच बदलून टाकली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी गावाचा पूर्व भाग मागांच्या खडखडाटाने भरून टाकला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, परंतु चादर आणि टॉवेल टिकले. २००५-०६ या वर्षात सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली.

आज सांगावयाची हकीकत या मागांवरून निघून संगणकाच्या पडद्यावरील एका लहानशा बटणापर्यंत जाते. आपण माउस हलवतो, बाणाची खूण बटणावर नेतो, टक् असा आवाज करतो आणि काम होते. ही ‘टक्’ यंत्राला कळते कशी? ती कळावी म्हणून माणसाने किती वर्षे डोके खाजविले? आणि या साऱ्यात सोलापूरच्या विणकराचा काय संबंध? वाचकांनी थोडा धीर धरावा. फराळाचे ताट बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

* * *

मागापासून संगणकापर्यंतची एक कथा बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. फ्रान्समधील लियाँ या रेशमी कापडाच्या गावी जोसेफ मारी जकार्ड नावाच्या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास एक माग सिद्ध केला. त्याच्या आधी बुशाँ, फाल्काँ, व्होकाँसाँ अशा कारागिरांनी या वाटेवर पावले टाकलेली होतीच. जकार्डने ती वाट पक्की केली. नक्षी कशी विणावयाची हे या मागाला जाड पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या कार्डांवरून कळते. कार्ड सुयांच्या रांगेवर येऊन टेकते. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा जागच्या जागी राहतो आणि वर उचलला जाऊन ताण्याचा धागा उचलतो. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि आकडा उचलला जात नाही. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. अशी शेकडो कार्डे दोरीने ओवून त्यांची साखळी केली की चादरीवर मोर उतरतो.

ही कार्डे पुढे फार दूर गेली. १८३९ मध्ये लियाँच्या विणकरांनी जकार्डचे चित्र रेशमात विणले, त्याला चोवीस हजार कार्डे लागली. त्यातील एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी बॅबेजने हीच कार्डे पत्करली होती आणि त्या यंत्राचे मर्म समजावून सांगताना १८४३ मध्ये एडा लव्हलेस हिनेही जकार्डच्या मागाचाच दाखला दिला. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने भोकांची कार्डे वापरली आणि तेथून ती थेट विसाव्या शतकातील संगणकांच्या तोंडी गेली.

या कथेत खोटे काही नाही. मात्र तिच्यात मागाची निम्मीच हुशारी सांगितलेली आहे. कार्डांची साखळी ठरल्या क्रमाने पुढे सरकते. पहिल्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे. बाहेर काय घडते आहे याची तिला दादफिर्याद नसते. धागा तुटला, तरी कार्ड आपले पुढे जाणारच. मोराची मान विणली जायची त्या जागी नुसती फट पडत राहील.

ही फट पडू नये म्हणून यंत्रमागावर आणखी एक अवयव असतो, आणि त्याची आरती कोणी ओवाळीत नाही. धोट्यातून येणाऱ्या आडव्या धाग्याच्या, म्हणजे बाण्याच्या, वाटेत जेवणाच्या काट्यासारखा एक हलका काटा बसविलेला असतो. बाणा शाबूत असेल तर तो काट्याच्या दातांना ढकलतो, काटा कलतो आणि त्याचे मागचे टोक वर उचलले जाते. बाणा तुटला किंवा कांडी संपली, की काट्याला ढकलणारे कोणी राहत नाही. त्याचे टोक खालीच राहते, हलणाऱ्या तरफेत अडकते, चालू-बंद करण्याचा दांडा निसटतो आणि माग थांबतो. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात १८४१-४२ मध्ये केनवर्दी आणि बुलो या दोघांनी ही युक्ती रूढ केली. तिच्यामुळे एका विणकराला एकाहून अधिक माग सांभाळता येऊ लागले.

आता यातील मौज पाहा. काटा नसता तर विणकराला प्रत्येक धोट्याकडे टक लावून बसावे लागले असते. काटा आल्यावर तो दुसरे काम करू शकतो, कारण काही बिघडले तर मागच त्याला हाक मारतो. शब्दाने नव्हे, थांबून. खडखडाटाने भरलेल्या शेडमध्ये एक माग गप्प झाला की जाणत्या विणकराचा कान तिकडे वळतो. अमुक झाले तर तमुक करावे असे आधीच सांगून ठेवणे आणि ते होईपर्यंत आपल्या कामाला लागणे, ही युक्ती कार्डांच्या साखळीहून अगदी वेगळ्या जातीची आहे. संगणकाच्या पडद्यावरील बटण या दुसऱ्या जातीचे आहे. काट्यापासून बटणापर्यंत सरळ वंशावळ काढता येणार नाही; परंतु दोघांची रास एकच.

* * *

घरच्या भाषेत सांगावयाचे तर हा दूध आणि कुकर यांच्यातील भेद आहे. दूध तापत ठेवले की समोर उभे राहावे लागते; क्षणभर पाठ वळली की ते उतू जाते. कुकर मात्र शिट्टी देतो, तोवर गृहिणी चार पोळ्या लाटून मोकळी होते. संगणकशास्त्रात पहिल्या पद्धतीला वारंवार डोकावून पाहणे म्हणतात आणि दुसरीला घटनेची वाट पाहणे. घटना म्हणजे इव्हेंट, आणि शिट्टी झाली की काय करावयाचे ते सांगणारा आज्ञांचा लहानसा गठ्ठा म्हणजे त्या घटनेचा हँडलर.

पहिले संगणक दुधाच्या जातीचे होते. कार्डांची चळत आत घालावयाची, यंत्राने ती क्रमाने वाचावयाची आणि शेवटी उत्तर छापून द्यावयाचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला, त्या काळी जगभर हीच तऱ्हा होती. यंत्राची वेळ मोलाची आणि माणसाची स्वस्त. म्हणून माणसाने यंत्राच्या क्रमाने चालावे हे सर्वांनी गृहीत धरले होते.

परंतु छापणारे यंत्र सावकाश आणि गणित करणारे यंत्र वेगवान, अशी जोडी जमेना. छपाई झाली का, झाली का, असे पुनःपुन्हा विचारण्यात गणिताचा वेळ वाया जाऊ लागला. म्हणून १९५० नंतरच्या दशकात यंत्रांना ‘व्यत्यय’ ऐकण्याची सोय करण्यात आली. बाहेरील उपकरणाने खूण केली की चालू काम जेथल्या तेथे ठेवावयाचे, त्या उपकरणाचे ऐकून घ्यावयाचे आणि परत येऊन सोडलेला धागा उचलावयाचा. हॉलंडमध्ये एक्स-वन या संगणकासाठी असे व्यत्यय हाताळण्याचे काम डायक्स्ट्रा या तरुणाकडे आले आणि १९५९ मध्ये त्याने त्यावरच प्रबंध लिहिला. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हा त्याची घाबरगुंडी उडाली होती. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही. तेव्हा आज झालेली चूक उद्या पुन्हा करून दाखविता येणार नाही, आणि जी दाखविता येत नाही ती सुधारावयाची कशी? ही भीती निराधार नव्हती, हे आपण पुढे पाहूच.

* * *

यंत्रांनी यंत्रांच्या हाका ऐकल्या. आता माणसाची हाक ऐकण्याची पाळी आली. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड याने स्केचपॅड नावाची आज्ञावली रचली आणि प्रकाशाच्या लेखणीने सरळ पडद्यावर रेघा ओढून दाखविल्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट याने भरल्या सभेत माउस चालवून दाखविला. त्यानंतर १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात आल्टो हा संगणक तयार झाला. त्याच केंद्रात १९७९ मध्ये रीनस्काउग या नॉर्वेजियन पाहुण्याने माहिती एकीकडे, तिचे पडद्यावरील रूप दुसरीकडे आणि वापरणाऱ्याच्या खुणा ऐकणारा भाग तिसरीकडे, अशी कामाची वाटणी मांडली. तिचा उपयोग आजही होतो.

जानेवारी १९८४ मध्ये मॅकिन्टॉश बाजारात आला आणि पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विंडोज. या यंत्रांसाठी लिहू पाहणाऱ्यांना जुनी विद्या विसरावी लागली. पूर्वी आज्ञावली विचारी : नाव सांगा. मग, वय सांगा. मग, गाव सांगा. माणूस कारकुनापुढे उभ्या असलेल्या अर्जदारासारखा उत्तरे देत जाई. आता पडद्यावर दहा बटणे आणि पाच चौकटी एकदमच मांडलेल्या. कोणी आधी गाव लिहील, कोणी वय, कोणी काहीच न लिहिता खिडकी बंद करील. क्रम ठरविण्याचा अधिकार आज्ञावलीकडून माणसाकडे गेला.

हे साधावे कसे? त्यासाठी आज्ञावलीच्या गाभ्यात एक न संपणारी फेरी असते. पिठाच्या गिरणीसारखे तिचे काम चालते. दिवाळीच्या आधी भाजणीचे डबे रांगेने मांडलेले असतात. गिरणीवाला पुढचा डबा उचलतो, चकलीची भाजणी आहे की अनारशाचे तांदूळ हे पाहतो, त्याप्रमाणे दळतो आणि पुढच्याकडे वळतो. रांग रिकामी असेल तर वाट पाहतो. कळ दाबली, माउस हलला, खिडकी झाकली गेली होती ती उघडी पडली, हे सारे डबेच. प्रत्येकावर कोणासाठी व काय झाले याची चिठ्ठी असते आणि ती वाचून फेरी तो डबा योग्य त्या हँडलरच्या हवाली करते.

येथेच नवशिक्यांची गाडी अडते. एका हँडलरने फार वेळ घेतला, तर मागचे सारे डबे खोळंबतात. आपण बटणावर बटण दाबतो, पडदा ढिम्म हलत नाही आणि मग ‘प्रतिसाद नाही’ अशी पाटी झळकते. यंत्र मेलेले नसते. गिरणीवाला एकाच डब्यात गुंतलेला असतो. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एका आज्ञावलीने असा खोळंबा केला तर सगळा संगणकच ठप्प होई. म्हणून जाणते लोक सांगतात की हँडलर आटोपशीर असावा आणि दांडगे काम बाजूला दुसऱ्याकडे सोपवावे.

प्रारंभी ही फेरी प्रत्येकाने स्वतः लिहावी लागे आणि एक साधी खिडकी उघडण्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडत. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने हे ओझे उतरविले. ॲलन कूपर याने रचलेला एक चित्रमय सांगाडा मायक्रोसॉफ्टने विकत घेतला होता. त्याला बेसिक भाषेची जोड देऊन हे साधन झाले. त्यात पडद्यावर बटण चित्रासारखे मांडावयाचे, त्यावर दोनदा टकटक करावयाची, की ‘हे बटण दाबले तर’ अशा मथळ्याची कोरी जागा पुढे येई. तेथे चार ओळी लिहिल्या की काम झाले. न संपणारी फेरी पडद्याआड गेली. दुकानाचा हिशेब, वाचनालयाची नोंदवही, शाळेची फी-पावती अशा आज्ञावल्या साधी जुजबी शिकवणी घेतलेली मंडळीही लिहू लागली.

* * *

एवढ्याशा बटणात किती विचार भरला आहे याचा एक मासला सांगतो. बटणावर माउसची कळ दाबली की ‘क्लिक’ झाले असे आपण समजतो. तसे ते होत नाही. कळ दाबणे ही एक घटना आणि सोडणे ही दुसरी. दोन्ही त्याच बटणावर घडल्या तरच क्लिक. दाबून धरलेली कळ न सोडता खूण बाजूला सरकवा आणि मग सोडा. काहीच होत नाही. म्हणजे दाबता दाबता मन बदलले, तर माघार घेण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. खिडकी बंद करताना ‘लिहिलेले जपून ठेवू का?’ असे विचारले जाते, तीही अशीच सवलत. तेथे ‘बंद करावयाचे आहे’ ही घटना आधी हँडलरकडे जाते आणि हँडलर ती नाकारू शकतो.

मराठी लिहिणाऱ्याला या घटनांची आणखी एक गंमत रोज दिसते. १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘कि’ लिहावयाचा तर आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबतात. ऱ्हस्व वेलांटी मात्र पडद्यावर ‘क’च्या आधी उभी राहते. जुन्या टंकलेखन यंत्रावर दिसेल त्या क्रमाने ठोकावे लागे. आता उच्चारू त्या क्रमाने लिहावयाचे आणि अक्षर जुळविण्याचे काम आज्ञावलीने करावयाचे. प्रत्येक कळीची घटना आली की ती आधीचे अक्षर पाहते आणि जोड नव्याने रेखाटते.

पण हीच गोष्ट जिवावरही बेतू शकते. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. अमेरिकेतील टायलर या गावी १९८६ मध्ये असे दोन प्रसंग घडले. यंत्र चालविणाऱ्या बाईंचा हात सरावाने चपळ झालेला होता. उपचाराचा प्रकार दर्शविणारे अक्षर चुकले असे दिसताच त्यांनी वर जाऊन ते दुरुस्त केले आणि काम पुढे चालू केले. पडद्यावर दुरुस्ती दिसली. परंतु आतील चुंबके जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती आतील आज्ञावलीला कळतच नसे. पडदा एक सांगत होता आणि यंत्र दुसरेच करीत होते. टायलरचे ते दोन्ही रुग्ण पुढे दगावले.

या यंत्राच्या आधीच्या आवृत्त्यांत चुकीची जुळणी झाली तर किरण अडविणारी यांत्रिक कुलपे होती. नव्या आवृत्तीत ती काढून सारा भरवसा आज्ञावलीवर टाकण्यात आला. मागाच्या भाषेत, काटा काढून टाकला आणि कार्डांवर विश्वास ठेवला. डायक्स्ट्राच्या पोटात गोळा उठला होता तो नेमका याच प्रकारच्या चुकीसाठी. संथ हाताने चाचणी घेतली तर दोष दिसत नसे, चपळ हाताखाली मात्र तो प्रकट होई.

* * *

काट्याची आणखी एक गोष्ट राहिली. काटा स्वतः कोणाच्या हाकेची वाट पाहत नाही. धोटा आला-गेला की बाणा आहे की नाही हे तो नेमाने तपासतो. कळफलकातही असेच आहे. आत एक चिमुकले यंत्र सेकंदाला अनेक वेळा साऱ्या कळा चाचपून पाहते आणि एखादी दबलेली सापडली की मग मोठ्या यंत्राला हाक मारते. एकाने निवांत वाट पाहावी म्हणून दुसरा कोणी तरी अहोरात्र टक लावून बसलेला असतो. साध्या यंत्रमागावर हा दुसरा कोणी माणूसच असतो. बाण्याला काटा आहे, परंतु ताण्याचे धागे राखण्याचे काम अशा मागावर विणकराच्या डोळ्यांकडेच असते. स्वयंचलित मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पट्टी टांगतात. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग थांबतो.

गिरणीच्या दिवसांत सोलापुरात घटना एकच होती, भोंगा. तो वाजला की हजारो माणसे उठत, निघत, परतत. हाक यंत्राची आणि धावणे माणसाचे. पडद्यावरील बटणाने हा संबंध उलटा केला. तेथे यंत्र तिष्ठत उभे असते आणि माणूस आपल्या सवडीने ते दाबतो. दाबता दाबता मन बदलले तर बाजूला होतो. नंतर खिशात फोन आले आणि दर घटकेला खणखणू लागले. भोंगा गिरणीच्या छपरावरून उतरून आपल्या खिशात येऊन बसला म्हणा ना! फरक इतकाच की गिरणीचा भोंगा कामगाराला बंद करता येत नसे, आणि खिशातला येतो. बंद करण्याचे ते बटण कोठे आहे हे घरातील थोरामोठ्यांनी दिवाळीच्या चार दिवसांत तरी शोधून ठेवावे.

१९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात कार्डांवाचून चालणारा इलेक्ट्रॉनिक जकार्ड माग मांडण्यात आला, तेव्हा मागाच्या दोन्ही विद्या एकत्र आल्या. आता नक्षीकार पडद्यावर चौकटी मांडतो आणि एकेक चौकोन टकटक करून रंगवितो. प्रत्येक टक् ही एक घटना. चुकला तर पुसतो, मन बदलले तर मोर काढून कमळ घेतो. त्याला कोणताही क्रम बंधनकारक नाही. काम संपले की त्या साऱ्या स्वैर टकटकींची एक शिस्तबद्ध मालिका तयार होते आणि मागाला ती जुन्या कार्डांसारखीच ओळीने मिळते. माणसाच्या बाजूला मोकळीक आणि धाग्याच्या बाजूला शिस्त.

यंदाच्या थंडीत सोलापुरी चादर अंगावर ओढाल तेव्हा तिच्या काठावरून एकदा बोट फिरवून पाहावे. नक्षीत कोठे फट लागली नाही, तर ती विणली जात असता काटा जागा होता आणि विणकराचा डोळाही.